संस्थेचें संगणकीय दप्तर व त्याच्या किल्ल्या

शेतकऱ्यांच्या संस्थेचें दप्तर पूर्वीं लांकडी कपाटांत असे, आणि त्या कपाटास किती किल्ल्या आहेत व त्या कोणाकोणाच्या कमरेला आहेत हें सर्व पंचांस ठाऊक असे. आतां तें दप्तर संगणकावर गेलें आहे, व जें गेलें नाहीं तें जाण्याच्या वाटेवर आहे. केंद्र सरकारनें २९ फेब्रुवारी २०२० रोजीं १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याच्या योजनेस आरंभ केला, आणि २९ जून २०२२ रोजीं ६३,००० प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठीं २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. सभासदांची यादी, सातबाऱ्याच्या प्रती, आधार क्रमांक, बँकेचे खातेक्रमांक, खरेदी-केंद्रावरील वजनें, गुदामांतील शिल्लक, हें सारें आतां कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरमध्यें सांठविलेलें असतें. मात्र ह्या नव्या कपाटास किती किल्ल्या आहेत असा प्रश्न वार्षिक सभेंत एखाद्या सभासदानें विचारला, तर त्यास तेथल्या तेथें उत्तर देऊं शकेल अशी संस्था विरळा. त्या किल्ल्यांची व्यवस्था कशी लावावी, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न नुसत्या शिस्तीचा नाहीं, पैशाचा आहे. समजा, एका उत्पादक कंपनीचा हिशेबनीस अधिक पगाराची नोकरी मिळाली म्हणून दुसऱ्या गांवीं गेला. संचालकांनीं त्यास मानानें निरोप दिला. कपाटाची व गुदामाची किल्ली परत घेतली. पण त्याच्या मोबाईलवर संस्थेचें दप्तर जें उघडत होतें तें उघडतच राहिलें. मनुष्य सचोटीचा असला तरी मोबाईल सचोटीचा असतोच असें नाहीं. तो सहा महिन्यांनीं विकला जातो, हरवतो, अथवा घरांतील दुसऱ्या कोणाच्या हातीं जातो. त्या दप्तरांत सोयाबीनच्या चुकाऱ्याचा तक्ता आहे, आणि तक्त्यांत प्रत्येक सभासदाच्या नांवापुढें त्याचा खातेक्रमांक आहे. कोणी तो क्रमांक पुसून तेथें स्वतःचा घातला, तर पुढच्या चुकाऱ्याची रक्कम सरळ त्याच्या पदरांत पडते; कारण एनईएफटी किंवा आरटीजीएसनें पाठविलेली रक्कम जमा होते ती खातेक्रमांकावर, नांवावर नव्हे. खातेदाराचें नांव आधीं पडताळून पाहण्याची सोय बँकांनीं १ एप्रिल २०२५ पर्यंत करून द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश झाला हें खरें; परंतु सोय असली तरी ती वापरावयाची पाठविणारानें, आणि तीनशें सभासदांचा चुकारा एका दुपारीं उरकणारा कारकून प्रत्येक नांव पडताळीत बसेल हा भरंवसा आम्हांस नाहीं.

असें कां होतें, ह्याचा विचार केला पाहिजे. नवा मनुष्य कामावर आला कीं त्याच दिवशीं त्यास दप्तर उघडून द्यावें लागतें, कारण न दिल्यास काम अडतें आणि तो स्वतः चार वेळां मागतो. तोच मनुष्य काम सोडून गेला म्हणजे त्याची परवानगी काढून घेतली नाहीं तरी कोणाचेंच कांहीं अडत नाहीं व कोणी आठवणहि करून देत नाहीं. देण्याची निकड असते, काढण्याची नसते. म्हणून परवानग्या सांचत जातात. त्यांत भर अशी कीं, कामें निरनिराळ्या ठिकाणीं चालतात. हिशेबाचें सॉफ्टवेअर एक, कागदपत्रें ठेवण्याचें दुसरें, ईमेल तिसरें, गुदामाचें चौथें आणि सभासदांस निरोप धाडण्याचें पांचवें. सात माणसें व पांच सॉफ्टवेअरें म्हटलीं तरी पसतीस कुलपें झालीं. त्यांतील कोणतें कोणास उघडतें हें डोक्यांत ठेवणें कोणत्याहि चिटणीसास शक्य नाहीं, आणि ठेवण्याचा प्रयत्न करणें हाच मुळीं चुकीचा मार्ग आहे.

योग्य मार्ग आमच्या शेतकरी बंधूंस नवा नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवरील बंधाऱ्यांखालीं फड पद्धतीनें पाणी देत आले आहेत. तेथें पाटाचें बारें उघडणें हें पाटकऱ्याचें काम, देखरेख हवालदाराची, पिकाची राखण जागल्याची. जमिनीचा मालक कितीहि मोठा असला तरी तो आपल्या हातानें बारें उघडीत नाहीं. अधिकार माणसास दिलेला नसून जागेस दिलेला आहे. पाटकरी बदलला कीं नव्या पाटकऱ्यास जे अधिकार मिळावयाचे ते आपोआप मिळतात आणि जुन्याचे आपोआप संपतात; प्रत्येक बाऱ्यापाशीं जाऊन निराळी सूचना लावावी लागत नाहीं. दुसरें उदाहरण सातबाऱ्याचें. गांवच्या तलाठ्यानें, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद घ्यावयाची. हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची. आणि हरकतीची मुदत गेल्यावर ती नोंद प्रमाणित करावयाची ती मंडळ अधिकाऱ्यानें. लिहिणारा हात एक व मंजूर करणारा दुसरा. ही पद्धत सन १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत आहे व तिचा उपयोग काय, हें जमिनीच्या वादांत सांपडलेल्या प्रत्येकास समजतें.

संगणकाच्या शास्त्रज्ञांनीं हेंच तत्त्व आपल्या भाषेंत मांडलें आहे. अमेरिकेंतील साल्झर व श्रोडर ह्या दोघांनीं १९७५ सालीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा. पुढें १९९२ सालीं तेथीलच फेराइओलो व कून ह्यांनीं अधिकार व्यक्तीस न देतां भूमिकेस द्यावा व व्यक्तीस त्या भूमिकेंत बसवावें, ही रीत सूत्रबद्ध केली. आज जीं जीं मोठीं सॉफ्टवेअरें संस्थांच्या उपयोगाचीं आहेत त्यांपैकीं बहुतेकांत हीच रीत आहे. ती वापरावयाची कीं नाहीं, हें मात्र संस्थेच्या हातीं असतें, आणि पुष्कळदां ती वापरली जात नाहीं.

आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळूं. उदाहरणासाठीं आम्ही गुगल वर्कस्पेस हें सॉफ्टवेअर घेतों, कारण तें आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचें आहे. मायक्रोसॉफ्टचें घेतलें असतें तरी नांवें बदललीं असतीं, तत्त्व तेंच राहिलें असतें.

पहिली गोष्ट, दप्तर संस्थेच्या नांवावर असावें. अध्यक्षांच्या अथवा त्यांच्या चिरंजीवांच्या खासगी जीमेल खात्यावर संस्थेचे कागद ठेवण्याची चाल फार बोकाळली आहे. ती सोयीची वाटते, पण अशा खात्यांतील कागद कायद्यानें कोणाचेहि असोत, संगणकाच्या दृष्टीनें ते त्या व्यक्तीचेच असतात. अध्यक्ष बदलले, दोन गटांत वितुष्ट आलें, किंवा दुर्दैवानें ते गृहस्थ वारले, तर संस्थेस आपलेंच दप्तर परक्याच्या दारांत जाऊन मागावें लागतें. म्हणून संस्थेनें इंटरनेटवरील आपलें स्वतःचें नांव घ्यावें, त्याची नोंदणी संस्थेच्या नांवें करावी आणि दर वर्षाचें शुल्क भरण्याची तारीख चिटणीसाच्या डायरींत नव्हे तर संचालक मंडळाच्या कामकाजांत ठेवावी.

त्या दप्तराचा सर्वाधिकारी, ज्यास सुपर ॲडमिन म्हणतात, तो एकच असूं नये. दोन असावेत, एक पगारी अधिकारी व एक संचालक मंडळानें ठरावानें नेमलेला संचालक. हे दोघेहि रोजच्या कामासाठीं आपलें साधें खातें वापरोत. सर्वाधिकाराचें खातें निराळें ठेवावें व तें क्वचितच उघडावें. त्यास परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी खूणहि लागावी अशी योजना करावी. दुसऱ्या खुणेचा मोबाईल हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून गुगल दहा संकेत-अंक छापून ठेवावयास देतें व त्यांतील प्रत्येक एकदांच चालतो. तो कागद मोहरबंद लखोट्यांत घालून संस्थेच्या तिजोरींत ठेवावा. कागदी लखोटा पाहून तरुण मंडळी हंसतील, हंसूं द्यावें.

दुसरी गोष्ट, गट. संस्थेंत कोणकोणतीं कामें आहेत हें आधीं कागदावर मांडावें. मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीस संचालक, हिशेब, खरेदी, गुदाम, सभासद-नोंदणी व लेखापरीक्षण असे पांच-सहा गट पुरतात. प्रत्येक गटास स्वतःचा ईमेल पत्ता असतो. बँकेस, खताच्या कंपनीस व व्यापाऱ्यास तोच द्यावा. म्हणजे हिशेबाचें पत्र हिशेबाच्या जागेस येईल, अमक्या रावांस नव्हे, आणि अमके राव गेल्यावर तीं पत्रें त्यांच्यामागें जाणार नाहींत. गट फार करूं नयेत. वीस माणसांस बावीस गट करणाऱ्या संस्थेंत शेवटीं कोणासच कांहीं समजत नाहीं. गटांत माणसें घालण्याचा अधिकार कोणास आहे, हीहि नोंद तपासावी. तो अधिकार गटांतील प्रत्येकास राहिला तर कुलूप भक्कम व खिडकी उघडी असें होईल.

तिसरी गोष्ट, कागद ठेवण्याची जागा. गुगलमध्यें दोन तऱ्हेच्या जागा आहेत. एक प्रत्येकाची स्वतःची, आणि दुसरी सामाईक, जिला शेअर्ड ड्राइव्ह म्हणतात. पहिलींतील कागदाचा मालक तो मनुष्य. दुसरींतील कागदाची मालक संस्था. कामावरून गेलेल्याचें खातें पुसलें तर पहिल्या जागेंतील त्याचे कागद, कोणाच्या तरी नांवें आधीं केले नसल्यास, त्याबरोबर जातात. सामाईक जागेंतील कागदांस कांहीं होत नाहीं. तेव्हां संस्थेचा प्रत्येक कागद सामाईक जागेंतच असला पाहिजे. ही सोय आपण घेतलेल्या योजनेंत आहे कीं नाहीं हें पैसे भरण्यापूर्वीं विचारून घ्यावें. एकाच मोठ्या सामाईक जागेंत सर्व कोंबून मग त्यांतील कांहीं कप्पे लपवीत बसण्यापेक्षां हिशेबाची एक, खरेदीची एक, सभासदांची एक, अशा वेगळ्या जागा कराव्यात. लपविण्याच्या युक्तीपेक्षां वेगळी खोली बरी.

ह्या प्रत्येक जागेवर अधिकाराच्या पांच पायऱ्या आहेत. सर्वांत खालीं केवळ पाहणारा. त्याच्यावर शेरा देणारा. त्याच्यावर भर घालणारा, ज्यास कागद लिहितां व दुरुस्त करतां येतो पण काढून टाकतां येत नाहीं. त्याच्यावर मजकुराचा व्यवस्थापक, ज्यास कागद हलवितां व टोपलींत टाकतां येतो. आणि सर्वांवर व्यवस्थापक, जो माणसें घालूं अथवा काढूं शकतो. आमच्या मतें बहुतेक कामकरी मंडळीस तिसरी पायरी पुरे. टोपलींत टाकलेला कागद तीस दिवसच राहतो, आणि कागद गेल्याचें ध्यानांत येण्यास शेतकऱ्यांच्या संस्थेंत तीस दिवस सहज लागतात. हंगाम असला तर दोन महिनेहि लागतात. म्हणून टाकण्याचा अधिकार देतांना हात आंखडता घ्यावा. पायरी द्यावयाची ती गटास. खरेदीच्या जागेवर खरेदी-गट तिसऱ्या पायरीवर, हिशेब-गट पहिलीवर, संचालक-गट पहिलीवर, असें एकदां लावून टाकलें म्हणजे पुढें ह्या जागेस हात लावण्याचें कारण पडत नाहीं. नवा मनुष्य आला तर त्यास गटांत घालावें, गेला तर गटांतून काढावें. त्याच्या नांवानें कोणत्याहि जागेवर निराळी परवानगी देऊं नये.

ह्या शेवटल्या वाक्यावर आम्ही भर देतों, कारण सर्व व्यवस्था येथेंच फुटते. एखाद्या घाईच्या दिवशीं चिटणीस कोणा एकास नांवानेंच परवानगी देऊन मोकळा होतो. त्यास गटाकडून एक व नांवानें दुसरी अशा दोन परवानग्या मिळतात, आणि अशा वेळीं संगणक त्यांतील वरची धरतो. पुढें तो मनुष्य गटांतून काढला तरी नांवाची परवानगी शिल्लकच राहते. गटाची यादी पाहणारास तो गेलेला दिसतो. प्रत्यक्षांत तो आंतच असतो. बांधावरून वरवर तण काढावा आणि हराळीची मुळी आंत राहावी, त्यांतलाच हा प्रकार. सहामाहीस एकदां प्रत्येक सामाईक जागेची परवान्यांची यादी उघडावी आणि तींत गटांखेरीज एखाद्या माणसाचें नांव दिसलें तर तें कां आहे हें विचारावें.

याहून वाईट म्हणजे लिंक. ज्याच्याजवळ लिंक आहे त्या कोणासहि कागद उघडावा, अशी परवानगी गुगलमध्यें देतां येते, आणि ती दिली कीं गट, पायऱ्या, पट, सारेंच व्यर्थ होतें. सभासदांची यादी अशा लिंकेनें व्हॉट्सॲपच्या समूहांत टाकण्याची चाल आम्हीं पाहिली आहे. त्या यादींत आधार क्रमांक असतात. सन २०२३ मध्यें संसदेनें वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, हें संचालकांनीं विसरूं नये. संस्थेबाहेर लिंक देण्याची मोकळीक सर्वाधिकाऱ्यास एका ठिकाणाहून बंद करतां येते. ती बंदच ठेवावी आणि ज्या जागेस खरोखरच गरज आहे, जसें कीं बाजारभावाचा रोजचा तक्ता, तिच्यापुरती उघडावी.

आतां मेळाविषयीं. संगणकाचे जाणकार ज्यास सिंक म्हणतात त्यास आम्ही मेळ म्हणतों; एका ठिकाणच्या यादींत बदल झाला कीं बाकी सर्व ठिकाणच्या याद्या आपोआप तशाच व्हाव्यात, एवढाच त्याचा अर्थ. साखर कारखाना किंवा जिल्ह्याचा दूध संघ अशा शेंकडों नोकरांच्या संस्थेंत ह्या मेळावांचून भागत नाहीं. तेथें मूळ यादी पगारपत्रकाची असावी, कारण जो पगार घेतो तो कामावर आहे व ज्याचा पगार थांबला तो नाहीं, ह्याविषयीं सहसा वाद होत नाहीं. पगारपत्रकावरून नोकरांची एक केंद्रीय नोंदवही तयार होते आणि तिच्यावरून प्रत्येक सॉफ्टवेअरमधील गट भरले जातात. निरनिराळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरांनीं ही देवघेव एकमेकांशीं करावी म्हणून स्किम नांवाची एक सामाईक बोली २०१५ सालीं ठरली आहे. नवें सॉफ्टवेअर विकत घेतांना तें ती बोलतें काय, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा ही नोंदवही असा मेळ साधारणपणें दर चाळीस मिनिटांनीं घालते.

मेळाची दिशा एकच असावी. पाणी पाटांतून चारींत व चारींतून वाफ्यांत जातें. वाफ्यांतून पाटांत येऊं लागलें तर कांहीं तरी बिघडलें आहे असें समजावें. गुगलचें ह्या कामाचें जें जुनें साधन आहे तें मूळ नोंदवहीवरून गुगलमधील याद्या दुरुस्त करतें, मूळ नोंदवहीस मात्र केव्हांहि हात लावीत नाहीं. म्हणून मेळ सुरू झाल्यावर खालच्या याद्यांत हातानें फेरफार करण्याची संवय सर्वांनीं सोडली पाहिजे. चिटणीसानें खालीं हातानें घातलेलें नांव पुढल्या मेळाच्या वेळीं पुसलें जाईल व तो संगणकास दोष देईल.

ह्या व्यवस्थेंत एक मोठा धोका आहे तोहि सांगितला पाहिजे. पाटाच्या तोंडाशीं चूक झाली तर खालचे सर्वच वाफे कोरडे पडतात. पगारपत्रकाची फाईल कांहीं कारणानें अर्धीच वाचली गेली, तर मेळ घालणारें यंत्र इमानानें अर्ध्या नोकरांस दप्तराबाहेर काढील. त्यास शंका येत नाहीं. ह्यासाठीं चांगल्या साधनांत दोन सोयी असतात. एक लुटुपुटीचा मेळ, ज्यांत काय बदलेल हें नुसतें दाखविलें जातें. आणि दुसरी काढण्याची मर्यादा, म्हणजे एका वेळीं ठराविक संख्येहून अधिक नांवें काढण्याची वेळ आली तर यंत्रानें थांबावें व माणसास विचारावें. पहिल्यानें मेळ सुरू करतांना लुटुपुटीचा घेतल्याशिवाय खरा घेऊं नये, आणि मर्यादा कधींहि काढूं नये.

पांच-सात नोकरांच्या संस्थेस मात्र हीं यंत्रें घेण्याची गरज नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. विक्रेते तसें सांगणार नाहींत. तिला एक तक्ता पुरे. नांव, काम, कोणकोणत्या गटांत, केव्हांपासून, केव्हांपर्यंत आणि कोणाच्या आज्ञेनें, असे रकाने करावे. ह्यास पट म्हणावें. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दोघांनीं बसावें, एकानें पट वाचावा व दुसऱ्यानें गटांच्या याद्या पाहाव्यात. वीस मिनिटांचें काम आहे. गट एकदां नीट लावले असले म्हणजे कागद, ईमेल, दिनदर्शिका ह्यांचा मेळ गटाच्या द्वारें आपोआपच पडतो. उरतें तें हिशेबाचें व गुदामाचें सॉफ्टवेअर, तेवढें हातानें पाहावें.

खर्चाचा एक मुद्दा टाळतां येत नाहीं. अशा सॉफ्टवेअरला माणशीं शुल्क पडतें, व म्हणून एकच खातें घेऊन तें चौघांनीं वापरण्याचा मोह होतो. परवलीचा शब्द भिंतीवरील कॅलेंडरवर लिहिलेला असतो. मग चुकाऱ्याच्या तक्त्यांत बदल कोणीं केला ह्याचें उत्तर संगणक एकच देतो, तें म्हणजे कार्यालयानें केला. बदलांची नोंद ठेवणारी जी वही आंत आपोआप लिहिली जाते, तिचा सारा उपयोग नाहींसा होतो. काटकसर करावयाचीच असेल तर ती दुसऱ्या ठिकाणीं करावी. हंगामापुरत्या येणाऱ्या मापाड्यास खातें देण्याचें कारण नाहीं. त्यास मोबाईलवर एक फॉर्म द्यावा. पावती क्रमांक, माल, पोतीं व वजन भरून तो पाठवील आणि तें तक्त्यांत जाऊन बसेल, पण तक्ता त्यास दिसणार नाहीं. जो लिहितो त्यानें सर्व वही पाहिलीच पाहिजे असें नाहीं.

चुकाऱ्याच्या बाबतींत मात्र पट व गट एवढ्यावर थांबूं नये. खातेक्रमांक बदलण्याचा अधिकार सभासद-नोंदणी गटास द्यावा आणि रक्कम पाठविण्याचा हिशेब-गटास; दोन्ही गटांत एकच मनुष्य असूं नये. माणसें थोडीं म्हणून तसें करणें भागच पडलें, तर क्रमांक बदलल्याच्या प्रत्येक नोंदीवर एका संचालकाची संमति घ्यावी आणि त्या सभासदास फोन करावा. बँकेच्या खात्यावरहि एकानें रक्कम भरावी व दुसऱ्यानें मंजूर करावी अशी सोय संस्थांस मिळते. ती मागून घ्यावी. मंजुरीचा ओटीपी फोनवर विचारून दुसऱ्यानेंच टाकण्याची जी चाल पडली आहे, तिनें ही सोय असून नसल्यासारखी होते.

कोणी काम सोडून जातो तेव्हांचा क्रम असा असावा. शेवटच्या दिवशीं कार्यालय बंद होण्यापूर्वीं त्याचें खातें स्थगित करावें, पुसूं नये. स्थगित केल्यानें त्यास कोठल्याहि यंत्रावरून आंत येतां येत नाहीं, पण कागद व पत्रें जशींच्या तशीं राहतात. नुसतें गटांतून काढून भागत नाहीं, कारण तो बदल सर्वत्र पोंचण्यास कधीं कधीं चोवीस तासहि लागतात. मग त्याच्या स्वतःच्या जागेंत संस्थेचे कांहीं कागद राहिले आहेत काय हें पाहून ते सामाईक जागेंत हलवावे, पटावर तारीख घालावी, व पुरेसा काळ गेल्यावर खातें पुसावें. पुसल्यानंतरहि वीस दिवसांच्या आंत तें परत आणतां येतें. पुढें येत नाहीं. त्यानें आपल्या मोबाईलवर आधींच उतरवून घेतलेल्या प्रती मात्र ह्यांतील कोणत्याहि उपायानें परत मिळत नाहींत, हें उघड आहे. म्हणून ज्या कागदांत आधार व खातेक्रमांक आहेत, ते उतरवून घेण्याची मनाई त्या कागदावर केवळ पाहणारांस लावण्याची सोय आहे, ती लावावी. संचालकांस खातेक्रमांक पाहण्याची गरज क्वचितच असते. असली तर कार्यालयांत येऊन पाहण्यांत कमीपणा नाहीं.

संचालकांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतों, ती कांहींस रुचणार नाहीं. मोठेपणासाठीं अधिकार मागण्याची प्रवृत्ति संस्थांत असते. अध्यक्षांस सर्वांत वरची पायरी हवी, उपाध्यक्षांस तीच, आणि मग इतरांस कां नको? वरची पायरी हा मान नव्हे, जबाबदारीचें ओझें आहे. कागद चुकून काढला गेला तर नोंदवहींत त्यांचें नांव येईल. फडावरील जमीनदार ज्याप्रमाणें बारें आपल्या हातानें उघडीत नाहीं, त्याप्रमाणें अध्यक्षांनीं पाहावें, विचारावें व जाब घ्यावा. लिहिण्याचें काम लिहिणारांस करूं द्यावें.

लेखापरीक्षक वर्षांतून थोडे दिवस येतो. त्यास हिशेबाच्या जागेवर पहिली पायरी पुरे, व ती मुदतीची असावी. ठराविक तारखेस परवानगी आपोआप संपावी अशी सोय कांहीं योजनांत असते. नसल्यास पटावरील शेवटच्या तारखेचा रकाना त्यासाठींच आहे.

सर्व मांडणी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी, व ती खरेदीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं निदान पंधरा दिवस घ्यावी. एक खोटें खातें काढावें, त्यास नवा कारकून म्हणून खरेदी-गटांत घालावें आणि एका जुन्या मोबाईलवर त्या खात्यानें आंत जाऊन बसावें. खरेदीचा तक्ता उघडतो काय, तो लिहितां येतो काय, काढून टाकतां येत नाहीं ना, चुकाऱ्याचा तक्ता दिसत नाहीं ना, हें पाहावें. मग त्यास गटांतून काढावें व घड्याळ लावून बसावें. तक्ता किती वेळानें बंद होतो तें पटाच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवावें. शेवटीं तें खातें स्थगित करून पुन्हां तसेंच पाहावें. दोन दिवसांनींहि एखादा कागद उघडत असला, तर तो नांवानें दिलेल्या परवानगीमुळें अथवा लिंकेमुळें उघडत असण्याचा संभव अधिक. प्रथम तेथें शोधावें.